निकालाचा अंश व हर : साष्टींतील शाळांच्या एका जुन्या वादाचीं साधनें

इतिहासाचें साधन म्हटलें कीं सनद, महजर, करीना, शकावली, बखर हींच नांवें प्रथम आठवतात. शाळेच्या वहीस या पंक्तींत बसविण्यास पुष्कळांचें मन कचरेल. तथापि ज्या साष्टी बेटांत आज अंधेरी, घाटकोपर, बोरिवली व मुलुंड हीं उपनगरें गजबजलीं आहेत, त्या बेटाच्या गेल्या दीडशें वर्षांच्या लोकस्थितीचा ज्यास विचार करावयाचा आहे, त्यास शाळांच्या दफ्तरावांचून गत्यंतर नाहीं. सामान्य कुणब्याच्या, कोळ्याच्या किंवा गिरणी कामगाराच्या मुलाचें नांव, जन्मतिथि, जात, शाळेंत येण्याचा दिवस आणि शाळा सोडण्याचें कारण हीं सर्व एका ओळींत जेथें सांपडतील, असें दुसरें साधन आम्हांस ठाऊक नाहीं.

शाळांचे निकाल खालावले म्हणून शिक्षणखात्याच्या धुरीणांवर वेळोवेळीं जी टीका झाली, ती या लेखाचा विषय आहे. हा वाद आजचा नव्हे. १८८२ सालीं, १९२७ ते १९२९ या काळांत आणि २०१९ सालीं, असा तीन वेळां तो विशेष तीव्रतेनें उपस्थित झाला. आणि पहिल्या प्रसंगीं खात्याच्या रीतीवर बोट ठेवलें गेलें, तर पुढील दोन प्रसंगीं दोन्ही पक्षांनीं आंकड्यांचाच आधार घेतला. आमच्या जुन्या गणितशास्त्राच्या परिभाषेंत अपूर्णांकाचे दोन अवयव असतात, अंश व हर. परीक्षेचा निकाल हा अपूर्णांकच होय. उत्तीर्ण झालेलीं मुलें हा त्याचा अंश, आणि ज्या समुदायांतून तीं मोजलीं तो त्याचा हर. टीकाकार व अधिकारी बहुधा अंशावर भांडतात; आमच्या मतें वादाचें मर्म हरांत आहे. हें साधनांच्या आधारें दाखविण्याचा प्रयत्न पुढें केला आहे.

(१) दफ्तरांचा ठावठिकाणा

प्रथम हीं दफ्तरें कोणाकोणाच्या हातून गेलीं तें सांगणें अवश्य आहे. कारण संशोधकाची पहिली फसगत येथेंच होते. १९२० पर्यंत साष्टी हा ठाणें जिल्ह्याचा तालुका होता. त्या वर्षीं त्याच्या दक्षिण भागाचा मुंबई उपनगर जिल्हा निराळा करण्यांत आला. पुढें मुंबईची हद्द दोन वेळां वाढली. १९५० सालीं ती पश्चिम बाजूस जोगेश्वरीपर्यंत व पूर्व बाजूस भांडुपपर्यंत नेली, आणि १९५७ सालीं ती दहिसर व मुलुंड येथवर पोंचली. म्हणजे अंधेरी व घाटकोपर हीं गांवें महानगरपालिकेच्या कारभाराखालीं आलीं, त्यानंतर सात वर्षांनीं बोरिवली व मुलुंड यांची पाळी आली. १९९० सालीं महसुली कामापुरता उपनगर जिल्हा पुन्हां वेगळा झाला. परंतु महापालिकेच्या शाळा महापालिकेकडेच राहिल्या.

यावरून एकाच गांवच्या एकाच शाळेचीं कागदपत्रें ठाणें, उपनगर जिल्हा व मुंबई अशा तीन ठिकाणच्या कचेऱ्यांत विखुरलीं असण्याचा संभव आहे, हें उघड होईल. त्याचप्रमाणें एखाद्या वर्षाच्या निकालाबद्दल दोष द्यावयाचा तर त्या वर्षीं शाळा कोणाच्या ताब्यांत होती, पैसा कोणाचा होता आणि तपासणी कोण करीत होतें, हे तीन प्रश्न निरनिराळे विचारावे लागतात. त्यांचीं उत्तरें बहुधा तीन निघतात. आणि दोषाचा गोळा एकाकडून दुसऱ्याकडे लोटण्याची सोय त्यांतूनच उत्पन्न होते.

शाळेच्या वह्यांत मुख्य चार : जनरल रजिस्टर, हजेरीपट, शेरेबुक आणि निकालपत्रक. जनरल रजिस्टरांत मूल केव्हां आलें व केव्हां गेलें हें कळतें. हजेरीपटांत तें प्रत्यक्ष किती दिवस बसलें हें कळतें. शेरेबुकांत तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यानें काय पाहिलें, किंवा काय पाहिल्याचें लिहिलें, हें कळतें. निकालपत्रक या सर्वांच्या शेवटीं येतें. आणि नेमकें तेंच तेवढें वरच्या कचेरींत जातें. पेशवे दफ्तरांत एखाद्या परगण्याचा केवळ आकार पाहून वसूल तितकाच झाला असें जो मानील, त्यास आपण कच्चा वाचक म्हणूं. निकालपत्रकावरून शाळा जोखणाराची योग्यता याहून फारशी निराळी नाहीं.

(२) निकालावर पैसा

१८५४ च्या शिक्षणविषयक खलित्यानंतर पुढील वर्षीं मुंबई इलाख्यांत सरकारी विद्याखातें स्थापन झालें. वर डायरेक्टर, त्याखालीं इन्स्पेक्टर व त्याखालीं डेप्युटी इन्स्पेक्टर, ज्याला खेड्यांतील लोक दिपोटी म्हणत, अशी त्याची उतरंड होती. पुढील दशकांत जमीनमहसुलाच्या दर रुपयामागें एक आणा लोकल फंडाची पट्टी बसविण्यांत आली व तिचा तिसरा हिस्सा शिक्षणाकडे लावण्यांत आला. साष्टींतील कुणबी, आगरी व ख्रिस्ती शेतकरी हे त्या वेळेपासून शाळेचे केवळ आश्रित नव्हते, तर तिचे पोशिंदेहि होते, ही गोष्ट पुढील वादांत ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

त्याच सुमारास इंग्लंडांत एक नवी रीत निघाली होती. रॉबर्ट लो यांच्या १८६२ च्या नियमावलीनें शाळेस मिळावयाची सरकारी मदत परीक्षेंत उतरलेल्या मुलांच्या संख्येवर बांधून टाकली. मुंबई इलाख्यांत अलेक्झांडर ग्रँट हे डायरेक्टर असतां खाजगी शाळांच्या मदतीसाठीं हेंच धोरण स्वीकारण्यांत आलें. अधिकारी परीक्षा घेई, प्रत्येक विषयांतील उत्तीर्ण मुलें मोजी, आणि ठरलेल्या दरानें रक्कम मंजूर करी. रोखठोकपणाच्या दृष्टीनें रीत सुटसुटीत खरी. परंतु मास्तराच्या ठिकाणीं आपल्यास कल्पून पाहिलें म्हणजे तिचा परिणाम तेव्हांच ध्यानांत येतो. जें मूल हमखास उतरेल त्याच्यावर मेहनत करावी, जें उतरणार नाहीं तें परीक्षेच्या दिवशीं पुढें न आणावें, आणि जें परीक्षेंत विचारीत नाहींत तें शिकवूं नये, असा हिशेब आपोआप होतो. हर लहान केला कीं अपूर्णांक मोठा होतो. हें गणित शिकविण्यास वेगळा पंतोजी लागत नाहीं.

१८८२ सालीं सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखालीं शिक्षणाची चौकशी करण्याकरितां कमिशन बसलें. त्यावर आपल्या इकडून काशीनाथ त्रिंबक तेलंग हे सभासद होते. या कमिशनापुढें जोतीराव फुले यांनीं १९ ऑक्टोबर १८८२ रोजीं पुण्याहून जें निवेदन सादर केलें, तें शाळाखात्याच्या चालकांवरील टीकेचा आमच्या मतें पहिला सांगोपांग लेख होय. त्यांत शेतकऱ्याकडून पैसा घेऊन तो वरिष्ठ वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो हा आक्षेप आहे, तो सर्वांस परिचित आहे. प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचें करावें ही मागणीहि प्रसिद्ध आहे. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीनें त्यांतील दुसरे दोन मुद्दे अधिक महत्त्वाचे आहेत. एक, प्राथमिक शाळेंतील शिक्षकाचा पगार क्वचितच दहा रुपयांवर असतो आणि ट्रेनिंग कॉलेजांतून शिकून आलेले शिक्षक थोडे. दुसरा, डेप्युटी इन्स्पेक्टर वर्षांतून एकदां येऊन जातो त्याचा म्हणण्यासारखा उपयोग नाहीं. तपासणी निदान तिमाही असावी आणि आगाऊ सूचना न देतां व्हावी.

या दोन मुद्द्यांची जोडणी पाहण्यासारखी आहे. फुल्यांनीं एकट्या मास्तरास किंवा एकट्या दिपोटीस धरलें नाहीं. ज्याला पगार पुरेसा नाहीं व शिक्षण नाहीं अशा माणसाकडून वर्षाच्या एका दिवशीं पीक मागावयाचें, आणि त्या पिकावरून सर्व वर्षाची नांगरणी जोखावयाची, या रीतीवरच त्यांचा रोख होता. सूचना न देतां तपासावें या मागणींत तर हराचा प्रश्न स्पष्ट आहे. कारण सूचना नसली म्हणजे त्या दिवशीं वर्गांत जीं मुलें असतील, आणि जीं नसतील, तीं सर्व अधिकाऱ्याच्या दृष्टीस पडतात.

खात्यानें या टीकेचा कितपत स्वीकार केला हें सर्वश्रुत आहे. सक्ती आली नाहीं. निकालावर पैसा देण्याची रीत मात्र पुढें बदनाम झाली. हिंदुस्थान सरकारच्या ११ मार्च १९०४ च्या शिक्षणविषयक ठरावांत परीक्षांच्या अतिरेकावर खुद्द सरकारनेंच कोरडे ओढले. बावीस वर्षांपूर्वीं मुलें ज्या रीतीखालीं शिकत होतीं, तीं एव्हांना संसाराला लागलीं होतीं.

(३) शंभरांतून अठरा

दुसऱ्या प्रसंगाची पूर्वपीठिका अशी. १९१८ सालीं विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नानें मुंबई इलाख्यांतील नगरपालिकांस सक्तीचें प्राथमिक शिक्षण सुरू करण्याचा अधिकार देणारा कायदा झाला, आणि ज्या मोजक्या नगरपालिकांनीं त्याचा लवकर उपयोग केला त्यांत साष्टींतील वांद्र्याची होती. पुढें १९२३ सालीं, रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे शिक्षणमंत्री असतां, प्राथमिक शिक्षणाचा नवा कायदा झाला. त्यानें शाळांचा कारभार सरकारी खात्याकडून काढून जिल्हा लोकल बोर्डें व नगरपालिका यांच्या स्कूल बोर्डांकडे सोंपविला. लोकांच्या शाळा लोकांच्या हातीं याव्या हा हेतु उदात्त होता, याविषयीं शंका नाहीं.

परंतु चारच वर्षांत तक्रारी सुरू झाल्या. १२ मार्च १९२७ रोजीं मुंबई कायदेकौन्सिलांत शिक्षणाच्या खर्चावर बोलतांना डॉ. भीमराव आंबेडकर यांनीं दाखवून दिलें कीं, प्राथमिक शाळेंत शिरणाऱ्या शंभर मुलांपैकीं अवघीं अठरा चौथ्या इयत्तेपर्यंत पोंचतात व उरलेलीं ब्यायशीं पुन्हां निरक्षरतेच्या गर्तेंत पडतात. त्याच भाषणांत त्यांनीं आणखी एक हिशेब मांडला. इलाख्यांत दरडोई शिक्षणावर चौदा आणे खर्च होतात, आणि दारूच्या अबकारीपासून दरडोई दोन रुपयांहून अधिक उत्पन्न सरकार घेतें. पुढील वर्षीं सायमन कमिशनसाठीं बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीनें त्यांनीं जें निवेदन केलें, त्यांत १९२३ चा कायदा रद्द करून स्कूल बोर्डांकडे केलेलें हस्तांतर मागें घ्यावें अशी मागणी आहे. स्थानिक बहुमताच्या हातीं शाळा गेली म्हणजे अस्पृश्य मुलाला तिच्या ओसरीवर बसावें लागतें, हा त्या मागणीमागील अनुभव होता.

१९२९ सालीं सर फिलिप हार्टोग यांच्या समितीचा अहवाल बाहेर पडला. तिनें सर्व ब्रिटिश हिंदुस्थानाचा हिशेब घेतला. १९२२-२३ सालीं पहिल्या इयत्तेंत असलेल्या दर शंभर मुलांमागें १९२५-२६ सालीं चौथींत अठराच आढळलीं. या नासाडीस समितीनें दोन नांवें दिलीं. मूल शाळा सोडून जातें ती गळती, आणि एकाच इयत्तेंत वर्षानुवर्षें बसतें ती कुंठितावस्था. उपाय म्हणून शाळांची संख्या वाढविण्यापेक्षां आहेत त्या सुधाराव्या, सरकारी तपासणी बळकट करावी, आणि स्थानिक संस्थांकडे अधिकार देण्यांत जी घाई झाली ती आवरावी, असें तिनें सुचविलें. स्कूल बोर्डांच्या राजकारणांत शिक्षकांच्या नेमणुका व बदल्या सांपडल्या होत्या, ही तक्रारहि त्या काळीं सार्वत्रिक होती.

आतां या अठरांच्या आंकड्याची चिकित्सा केली पाहिजे. पहिल्या इयत्तेच्या आंकड्यांत बिगरीचीं मुलेंहि येत. वर्षभर केव्हांहि दाखल झालेलीं मुलेंहि येत. आणि दोन-तीन वर्षें तेथेंच बसलेलीं मुलें प्रत्येक वर्षीं नव्यानें मोजलीं जात. म्हणजे हर फुगलेला होता. उलट चौथींत जीं अठरा आढळलीं, त्यांखेरीज कांहीं मुलें अद्याप दुसरींत व तिसरींत असणार. तीं शाळेंत असूनहि अंशांत आलीं नाहींत. गळती व कुंठितावस्था यांची बेरीज एकाच आंकड्यांत पडली आहे. म्हणून ब्यायशीं मुलें शाळेबाहेर गेलीं असा जो अर्थ काढील तो चुकेल. ब्यायशीं मुलें चार वर्षांत चौथीला पोंचलीं नाहींत इतकाच अर्थ निर्बाध आहे. तेवढाहि कारभारावर ठपका ठेवण्यास पुरेसा होता.

मुंबई म्युनिसिपालिटीच्या शाळासमितीचे चिटणीस रा. वि. परुळेकर यांनीं हार्टोग समितीच्या निष्कर्षाशीं उघड विरोध केला. १९३९ सालच्या आपल्या ‘लिटरसी इन इंडिया’ या ग्रंथांत, आधीं गुण मग संख्या हें धोरण निरक्षर देशाला परवडणारें नाहीं, असा त्यांचा मुख्य प्रतिपाद्य विषय आहे. परुळेकरांचें नांव या त्रैमासिकाच्या वाचकांस दुसऱ्या कारणानेंहि ठाऊक असेल. एल्फिन्स्टनसाहेबांच्या वेळीं कलेक्टरांकडून गांवठी शाळांची जी माहिती मागविण्यांत आली होती, ती सरकारी दफ्तरांतून शोधून त्यांनीं प्रसिद्ध केली. ज्या मनुष्यानें शंभर वर्षांपूर्वींच्या शाळांचे मूळ कागद हाताळले होते, त्यालाच समकालीन आंकड्यांतील पोकळी दिसली, हा योगायोग नव्हे असें आम्हांस वाटतें.

१९३८ सालीं बाळ गंगाधर खेर यांच्या मंत्रिमंडळानें कायदा दुरुस्त करून स्कूल बोर्डाचा प्रशासनाधिकारी सरकारी नोकर केला व तपासणी सरकारकडे परत घेतली. १९४७ च्या नव्या कायद्यानें सरकारचा हात आणखी मजबूत झाला. म्हणजे पंधरा वर्षांत सत्ता खात्याकडून बोर्डाकडे गेली आणि बोर्डाकडून पुष्कळशी खात्याकडे परत आली. या येरझाऱ्यांत खुर्चीवर कोण बसावें याचा निर्णय दोन वेळां लागला. पण मूल पहिल्या इयत्तेंत तीन वर्षें कां बसतें, याचा शोध शाळेच्या हजेरीपटांतच पडून राहिला. पेरणीच्या व कापणीच्या दिवसांत कोणतीं नांवें गळतात, मिठागरांचा हंगाम सुरू झाला म्हणजे कोणतीं गळतात, एका मास्तराकडे चार इयत्ता असल्यास बिगरीकडे कोण पाहतो, हें सर्व तेथें वाचतां आलें असतें.

(४) २०१९ चा निकाल

तिसरा प्रसंग आपल्या डोळ्यांदेखतचा आहे. ८ जून २०१९ रोजीं शालांत परीक्षेचा निकाल लागला. राज्याचा निकाल आदल्या वर्षींच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. मुंबई महानगरपालिकेच्या शाळांचा निकाल ७३.८१ वरून ५३.१४ वर कोसळला. महापालिकेच्या शिक्षणविभागावर टीकेची झोड उठली. इतका मोठा अर्थसंकल्प असतां निम्मीं मुलें नापास कशीं, हा प्रश्न सर्वतोमुखीं झाला. शिक्षणमंत्रिपद त्या वेळीं बोरिवलीच्या आमदाराकडे होतें, आणि त्याच महिन्यांत तें वांद्र्याच्या आमदाराकडे गेलें. म्हणजे साष्टींतील शाळांचा निकाल आणि राज्याच्या शिक्षणाचें सुकाणू, दोन्ही त्या वेळीं साष्टींतच होतीं.

या घसरणीचें एक कारण सर्वांस कळण्यासारखें होतें. भाषा व सामाजिक शास्त्रें या विषयांतील शाळांनीं द्यावयाचे २० गुण त्या वर्षीं काढून टाकले होते व पुरे १०० गुण लेखी परीक्षेस ठेवले होते. शाळेनें गुण देतांना हात सैल सोडला कीं लेखी परीक्षेचें ओझें तितकें हलकें होई. तो आधार एकदम गेला. पुढील वर्षीं तो पुन्हां देण्यांत आला, आणि २०२० सालीं राज्याचा निकाल ९५.३०, तर महापालिकेच्या शाळांचा ९३.२५ लागला. त्या वर्षीं महामारीमुळें भूगोलाची परीक्षाहि रद्द झाली व तिचे गुण सरासरीनें दिले गेले.

हे सहा आंकडे शेजारीं मांडून पहावे. राज्य व महापालिका यांतील अंतर २०१८ सालीं १५.६० होतें, २०१९ सालीं २३.९६ झालें, आणि २०२० सालीं २.०५ उरलें. बारा महिन्यांत चोवीसांचें दोन करणारें अध्यापन या भूतलावर नाहीं, आणि बारा महिन्यांत सोळांचें चोवीस करणारा निष्काळजीपणाहि सहसा नसतो. शिक्षक तेच, इमारती त्याच, वस्त्याहि त्याच. बदलला तो मापदंड.

येथें न्यायशास्त्रांतील एक जुनें उदाहरण उपयोगी पडेल. जेथें धूर तेथें अग्नि ही व्याप्ति खरी. पण जेथें अग्नि तेथें धूर ही खरी नव्हे, कारण तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि असून धूर नसतो. ओल्या सर्पणाचा संयोग असेल तरच अग्नीपासून धूर निघतो. या मधल्या अटीस नैयायिक उपाधि म्हणतात. ‘निकाल घटला, म्हणून अध्यापन घटलें’ या अनुमानांतहि अशीच उपाधि लपलेली आहे : परीक्षेचा नियम व निकालाचा हर दोन्ही वर्षीं तेच असले पाहिजेत. २०१९ सालीं टीकाकारांनीं ती उपाधि पाहिली नाहीं. २०२० सालीं अधिकाऱ्यांनीं ती पाहण्याचें कारण नव्हतें, कारण निकाल त्यांना अनुकूल होता. दोन्ही अनुमानें एकाच दोषानें दूषित आहेत.

मग महापालिकेचे चालक निर्दोष ठरले काय? मुळींच नव्हे. आधाराचे २० गुण सर्व राज्याचे गेले. राज्य बारा टक्क्यांनीं घसरलें, महापालिका जवळजवळ एकवीसांनीं. ज्या पोरांना लेखी उत्तर स्वतःच्या वाक्यांत लिहितां येत होतें, त्यांना तो आधार गेल्याचा फारसा त्रास झाला नसावा. म्हणून २०१९ चा आंकडा घसरणीचा पुरावा म्हणून दुबळा आहे. पण आधींपासून असलेल्या उणीवेचा पुरावा म्हणून तो तिन्ही वर्षांत सर्वांत बलवान् आहे. झांकलेलें दारिद्र्य त्या एका वर्षीं उघडें पडलें, आणि पुढील वर्षीं पुन्हां झांकलें गेलें. चालकांस विचारावयाचा प्रश्न २०१९ सालीं काय बिघडलें हा नव्हता; २०२० सालीं काय सुधारलें हा होता. तो मात्र कोणी फारसा विचारल्याचें दिसलें नाहीं, कारण चांगल्या निकालाची चौकशी करण्याची आपल्याकडे चाल नाहीं.

हराचा विचार येथेंहि सुटत नाहीं. २०१० सालीं अंमलांत आलेल्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें आठवीपर्यंत मुलास नापास करण्याची मनाई केली. हेतु दयेचा होता. पण १९२९ सालीं जी चाळणी पहिल्या इयत्तेंत लागत असे, ती आतां नववी-दहावींत लागूं लागली. शिवाय महापालिकेच्या प्राथमिक शाळा पुष्कळ व माध्यमिक थोड्या; त्यामुळें तिच्या शाळेंत आरंभ केलेलीं पुष्कळ मुलें दहावीच्या वेळीं दुसऱ्याच्या पटावर असतात, किंवा कोणाच्याच पटावर नसतात. दहावीच्या टक्केवारींत जें मूल परीक्षेस बसलें तेंच मोजलें जातें. जें आठवीनंतर मुलुंडच्या गॅरेजांत किंवा अंधेरीच्या कारखान्यांत कामाला लागलें, तें नापास नाहीं आणि पासहि नाहीं. तें हरांतच नाहीं.

(५) निष्कर्ष

या तीन प्रसंगांची तुलना केली असतां पुढील गोष्टी ठरतात. टीका खरी होती, ती तिन्ही वेळां. परंतु १८८२ ची टीका व १९२७ ची टीका यांचें वजन आजहि कायम आहे, कारण टीकाकारांनीं मुलांपासून आरंभ केला; जें शाळेंत पोंचलेंच नाहीं व जें मध्येंच गळलें, त्याचा त्यांनीं हिशेब मागितला. २०१९ च्या टीकेचें वजन एका वर्षांत ओसरलें, कारण ती एका टक्केवारीवर उभी होती व टक्केवारी बदलतांच तिच्या पायाखालची जमीन गेली. चालकांनीं दिलेलें उत्तर तिन्ही वेळां एकाच जातीचें आहे : एक तर मोजण्याची रीत बदलावयाची, नाहीं तर मोजणाराची खुर्ची. मार्च २०२२ मध्यें महापालिकेच्या निवडून आलेल्या सभागृहाची मुदत संपून प्रशासकाचा अंमल सुरू झाला, तेव्हां तर निवडलेली शिक्षणसमितीच उरली नाहीं व प्रश्न कोणास विचारावा हाहि प्रश्न झाला. १९२३ आणि १९३८ हीं सालें ज्यांस स्मरतात त्यांस यांत नवल वाटणार नाहीं.

आमचें आयुष्य फळ्यापुढें गेलें असल्यामुळें एवढें सांगण्याचा अधिकार आम्हांस आहे असें समजतों कीं, तिसऱ्या इयत्तेंतील मूल साधा उतारा वाचतें कीं नाहीं हें पाहण्यास पांच मिनिटें लागतात. ‘असर’ या नांवानें प्रथम संस्थेची जी पाहणी २००५ पासून चालू झाली, तिची रीत अशीच आहे, आणि ती घरीं जाऊन मुलांस वाचावयास लावते, म्हणून शाळा सोडलेलें मूलहि तिच्या हरांत येतें. फुल्यांच्या अचानक तपासणीचें तत्त्व तिच्यांत निराळ्या रूपानें आलें आहे. परंतु ती ग्रामीण भागापुरती आहे. ज्या प्रथम संस्थेचा जन्म मुंबईंत झाला, तिची ही मोजदाद मुंबईच्या उपनगरांत होत नाहीं.

आतां संग्राहकांस विनंती. उपनगरांतील जुन्या शाळांच्या इमारती पाडून नव्या होत आहेत, कित्येक मराठी शाळा पट रोडावल्यामुळें दुसरींत मिळविल्या जात आहेत, आणि अशा स्थलांतरांत कपाटें हलतात. जनरल रजिस्टर कायम जपण्याचा दंडक आहे. इतर कित्येक वह्या मुदतीनंतर रद्दींत जातात. जुन्या नोंदींत मोडी आढळते, आणि ती वाचणारा शाळेंत आतां कोणी नसतो. म्हणून ती वही निरुपयोगी ठरण्याचा संभव अधिक. ज्यांस पोथीची पुष्पिका वाचून तिचा काल ठरवितां येतो, त्यांस हें काम अवघड नाहीं. मूळ वही शाळेंतून हलवूं नये. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन तिचीं छायाचित्रें काढावीं, वही कोणत्या शाळेची, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंतची व कोणत्या स्थितींत मिळाली हें टिपून ठेवावें, आणि जिवंत माणसांचीं नांवें व जाती प्रसिद्ध करूं नयेत.

यांतून एक नेमकें कार्य साधेल. साष्टींतील एका शाळेचें १९२२-२३ सालचें जनरल रजिस्टर घ्यावें. त्या वर्षीं दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची ओळ शेवटच्या रकान्यापर्यंत न्यावी. चौथीला किती पोंचलीं, किती वर्षांनीं पोंचलीं, किती गेलीं व कां गेलीं, हें मोजावें. मग हार्टोग समितीच्या अठरांचा ताळा साष्टीपुरता पडेल कीं नाहीं तें कळेल. हीच रीत २००९-१० सालीं महापालिकेच्या शाळेंत पहिलींत आलेल्या मुलांस लावल्यास, तीं सरळ पुढें गेलीं असतीं तर २०१९ च्याच परीक्षेस बसलीं असतीं, म्हणून त्या निकालाचा खरा हरहि हातीं येईल. महापालिकेच्या शिक्षणाधिकाऱ्यांनीं तो स्वतःहून प्रसिद्ध करावा. न केल्यास संशोधकांनीं तो काढावा. तोंपर्यंत कोणत्याहि वर्षाच्या टक्केवारीवरून साष्टींतील शिक्षक, चालक किंवा मुलें यांविषयीं निवाडा देणें म्हणजे शिक्का न पाहतां सनद खरी मानण्यासारखें होईल.